आठ नंबरचा पाय

पाय पडला तो नेमका कुणाच्या तरी ओकारीत. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीपुढे कुणीतरी पोटातलं सगळं परत करून गेलं होतं. उजेड अजून नीट फुटला नव्हता म्हणा, किंवा आज मुळात त्याचं लक्षच खाली नव्हतं म्हणा, उजवा पाय अख्खा त्यात बसला. गार असतं तर एक वेळ चाललं असतं. कोमट होतं. बोटांच्या बेचक्यांतून ते वर आलं आणि त्याच वेळी त्याच्या घशाशीही काहीतरी आलं. तरी तो थांबला नाही. वर्षभर अनवाणी धावून त्याला एवढं एक कळलं होतं, की किळस दोन-चार पावलंच टिकते. पहिल्या पावलाला वाटतं हा पाय कापून टाकावा, दुसऱ्याला चिकट लागतं, मग रस्ता आपला आपण पाय पुसून घेतो आणि उरते ती नुसती आठवण. आज मात्र तो पुलापर्यंत गेला, पुलाखालच्या खडबडीत डांबरावर मुद्दाम पाय घासत गेला, तरी ते जाईना. घरी येऊन त्याने बाथरूममध्ये साबणाने पाय धुतला, पुन्हा धुतला, फरशी घासायच्या ब्रशने घासला. बायकोने दारातून विचारलं की आज काय तुडवून आलास, तर तो नुसता ब्रश घासत राहिला. आज कारखान्यात फर्मेवाल्या मामांचा निकाल लागायचा होता. तो काय लागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो त्याच्याच पायांमुळे लागणार होता.

कारखान्यात त्याला सगळे आठ नंबर म्हणत. त्याला नाव होतं, हजेरीच्या यंत्रावर ते रोज उमटायचंही, पण हाक मारायची वेळ आली की आठ नंबर. कारखाना बुटांचा. पुरुषांच्या बुटाचा कुठलाही नवा नमुना आधी आठ नंबरात बनतो आणि त्यावरून मग लहान-मोठे बाकीचे नंबर काढतात. तो पहिला नमुना ज्याच्या पायात घालून बघायचा, तो पाय याचा. तरुणपणी तो आला होता गोदामातल्या कारकुनाच्या जागेसाठी. मुलाखत घेणाऱ्याची नजर टेबलाखाली गेली आणि त्याने याला बूट-मोजे काढायला लावले. मग टेप आली, लाकडी माप आलं, आणखी दोघं-तिघं आले. लांबी, चवड्याचा घेर, टाचेची रुंदी, सगळं जसं असायला हवं तस्संच. असा पाय लाखात एक, असं म्हणाले. केवढा आनंद झाला होता त्याला तेव्हा! आपला पाय लाखात एक आहे म्हणजे तो अगदी सगळ्यांसारखा आहे, हे समजायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या दिवसापासून पायांचे जावयासारखे लाड सुरू झाले. कंपनीचं मलम, कंपनीची कानस, नखं कापायला कंपनीचा माणूस. फुटबॉल बंद, डोंगर चढणं बंद, वजन वाढणं बंद. लग्न तुझ्याशी झालंय, संसार मात्र तुझ्या पायांशी करतेय, असं बायको चारचौघांत सांगायची आणि लोक हसायचे. मुलगी रांगायला लागली तेव्हा बाबांच्या पायांवर चढायचं नाही, हे ती बोलायच्या आधी शिकली. अजूनही सोफ्यावर बसली तर मध्ये एक उशी ठेवून बसते.

नमुने बघायच्या खोलीत एक उंच खुर्ची होती. तो त्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचा आणि लोक येऊन त्याचे पाय दाबायचे. डिझाइनच्या बाई पेनाच्या टोपणाने अंगठ्यापाशी टोचून बघायच्या. मोठे साहेब टाचेला चिमटा काढायचे. बाहेरगावचे व्यापारी आले तर तेही दाबायचे, आणि दाबता दाबता आपसात जेवणाच्या गोष्टी करायचे. गुडघ्याच्या वर कुणी बघायचं नाही. दाबून झालं की टेबलावरच्या डब्यातून ओला कागदी रुमाल ओढायचा, बोटं पुसायची आणि बादलीत टाकायचा, ही तिथली रीत. तो डबा खास त्यासाठीच ठेवलेला होता. संध्याकाळपर्यंत बादली भरायची, आणि त्या चुरगळलेल्या रुमालांकडे तो बघत बसायचा. एवढी घाण आपण? रोज सकाळी दोनदा धुतलेले पाय हे! हात न पुसणारा माणूस एकच, फर्मेवाले मामा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यावर कातडं ओढून बूट बनतो. तो घडवायचं काम मामांचं. ते खाली ठेंगण्या स्टुलावर बसायचे, त्याचा पाय सरळ मांडीवर घ्यायचे, अंगठ्याने सगळीकडून चाचपायचे आणि म्हणायचे, बोल बाबा. मग हा सांगायचा की इथे दाबतं, इथे ढिलं आहे. दाबत असेल तिथे मामा फर्म्यावर कातड्याची चकती चिकटवून तो फुगवायचे, ढिलं असेल तिथे कानशीने घासायचे, आणि जेवणाची सुट्टी झाली की तसेच उठून, त्याच हातांनी डबा उघडून जेवायला बसायचे. हे बघून त्याला कुणाची किळस यावी? साहेबांची नाही, बाईंची नाही. मामांची यायची. वाटायचं, काय माणूस आहे, जरा हात तरी धुवावेत.

धावणं सुरू झालं एका फडतूस गोष्टीवरून. मुलगी डबा विसरली आणि हा तिच्या बसमागे धावला. गल्लीच्या तोंडाशी चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल फरफटत पळता येईना, म्हणून दोन्ही तिथेच टाकून तसाच पळाला. बस काही मिळाली नाही. परत येताना तळपाय भाजत होते, टाचेत खडा रुतला होता, आणि तरी तो मुद्दाम सावकाश चालत आला. गटाराच्या झाकणाचं गार लोखंड, त्यावरची नक्षी, पुढे कोमट डांबर, मग कुणाच्या तरी दारातली ओली फरशी. इतकी वर्षं दुसरे लोक त्याचे पाय चाचपत होते, त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पायांनी काहीतरी चाचपलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो चपला न घालता खाली उतरला. मग रोजच. बायकोला चादरीवरच्या डागांवरून कळलं. तिने नाक मुरडलं, पायपुसणं दाराबाहेर काढून ठेवलं आणि एवढंच म्हणाली की हे पाय माझ्या पांघरुणात आणायचे नाहीत. कारखान्यात कळायचा प्रश्नच नव्हता. कळलं असतं तर त्याच दिवशी घरी.

आता अनवाणी धावून माणूस काय शिकतो म्हणाल, तर आधी थुंकी ओळखायला शिकतो. ताजी चकाकते, शिळीवर धूळ बसते, आणि खाकरून टाकलेली असेल तर ती पायाखाली सरकते. खाटकाच्या दुकानासमोरचं पाणी पहाटे गुलाबी असतं. कुत्रं कुठल्या खांबाशी बसतं, कुठल्या घरातून वापरलेली पट्टी खिडकीतून खाली येते, कुठला सभ्य गृहस्थ गाडीचं दार अर्धं उघडून पिंक टाकतो, हे सगळं त्याला पाठ झालं. बूट घातलेली माणसं समोर बघून चालतात. याला खाली बघावं लागे, आणि खाली बघितलं की शहर म्हणजे लोकांनी स्वतःमधून बाहेर टाकलेलं सगळं. पुढे मग आणखी काही शिकला. टाच आपटायची नाही, चवड्यावर हलकेच उतरायचं. काच रुतली तर पाय ओढायचा नाही, उचलायचा. दुखायला लागलं की ऐकायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, घाण एकदा तुडवली की घाणीची भीती जाते. हे त्याला फार थोर वाटलं होतं. आता आपण कशाचीच किळस करत नाही, असा त्याने स्वतःबद्दल समज करून घेतला होता, आणि खुर्चीवर बसून तो त्या बादलीकडे बघायचा तेव्हा मनातल्या मनात जरा ताठ बसायचा.

पाय मात्र बदलत चालले. आधी तळवे जाड झाले. ते कानशीने आणि मलमाने झाकता आले, आणि नखं मी घरीच कापतो असं सांगून कंपनीच्या माणसालाही टाळता आलं. मग बोटं फाकली, आयुष्यभर एकमेकांवर रेलून झोपलेली बोटं सुटी झाली, करंगळी बाहेर आली. चवडा पसरला. नमुन्याचे बूट बाजूने चावायला लागले. खरं तर ते बूट बरोबर होते, चुकीचा पाय होता. पण पाय कोण मोजणार? वाण्याच्या तराजूतलं वजन कुणी वजन करून बघतं का? आठ नंबर म्हणजे आठ नंबर. हा सांगायचा की करंगळीशी दाबतंय, मामा चकती चिकटवायचे. पुन्हा सांगायचा, मामा पुन्हा चिकटवायचे. एकदा मामा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. आजकाल फार चावतं रे तुला, म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, ते मान तिरकी करून बघायचे. ती तिरकी मान आपल्या करंगळीकडे वळलेली बघून त्याने पाय जरा मागे ओढला, आणि बाई शेजारीच उभ्या होत्या म्हणून तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "पायाला काय झालंय? फर्म्यातच खोट असेल." मामा हसले. असेल बाबा, म्हणाले, डोळे कुठे राहिलेत. बाईंनी ते ऐकलं आणि ओल्या रुमालाने बोटं पुसली.

त्याच फर्म्यावर कंपनीचा नवा बूट निघाला. धावायचा, हलका, आणि त्याचं नाव काय ठेवावं लोकांनी? अनवाणी! बूट घालूनही बूट नसल्यासारखं वाटतं म्हणे. त्याच्या प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आतून एकेक जीवनाचा धडा छापलेला होता. बाईंनी ते बसून लिहिले. लिहिताना त्याला बोलावलं होतं, की तुमचा पायांचा अभ्यास, तर अनवाणी धावल्यावर कसं वाटत असेल याची जरा कल्पना करून सांगा ना. तो त्या दिवशी सकाळीच एका मेलेल्या घुशीवरून गेला होता. छान वाटत असेल, म्हणाला. बाईंनी तेवढ्यावरून भागवलं. जमीन ही तुमची पहिली गुरू आहे. ओझं उतरवा, वेग आपोआप येईल. प्रत्येक खडा काहीतरी सांगतो. वाचून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती त्याने मोज्यातच ठेवली. माल बाजारात गेला आणि काही दिवसांत परत यायला लागला. पाय आत पोहतो, टाच निसटते, फोड येतात. खोकी येत राहिली, गोदाम भरलं, आणि मग साहेबांनी हुकूम काढला की आठ नंबरला गोदामात बसवा, परत आलेल्यांतले आठाचे बूट त्याच्या पायात घाला, काय बिनसलंय ते कळू दे.

ते गोदाम त्याच्या डोक्यातून आता जन्मात जाणार नाही. बूट लोकांनी वापरून परत केलेले होते, आणि त्याला ते मोज्याशिवाय घालायचे होते, कारण मोज्याने अंदाज चुकतो. बाई दारातच नाकाला रुमाल लावून उभ्या. तो एकेक खोकं उघडी. आधी झाकणावरचा धडा, मग तो वास. कुणाच्या घामाने आतलं अस्तर काळं पडलेलं, अजून दमट. कुणाचे केस. एकात फोडावर लावायची पट्टी चिकटून राहिलेली, मधोमध पिवळी. रस्त्यावर कितीतरी घाण तुडवली होती, पण ती उघड्यावरची, वारा लागलेली. ही कुणाच्या तरी अंगाची, कोंडलेली. तो डोळे मिटून पाय आत घालायचा, आणि आत गेल्यावर खरी शिसारी यायची ती वेगळ्याच गोष्टीने. प्रत्येक बूट त्याला चपखल बसत होता. त्या परक्या दमट अंधारात त्याचा पाय घरी आल्यासारखा निवांत व्हायचा. बोटांना जागा, करंगळीला जागा, टाच घट्ट. जगातल्या सगळ्या माणसांना चुकीचे आणि एका माणसाला बरोबर असे हे बूट होते. काय वाटतंय, बाईंनी दारातून विचारलं. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न पायाचा येणार. "ढिले आहेत," तो म्हणाला. "टाच निसटतेय." पुढचा बूटही ढिला. त्याच्या पुढचाही. मग गोष्ट सोपी झाली. नमुना तेव्हा आठ नंबरला बसला होता, माल आज बसत नाही, म्हणजे मधल्या मध्ये, नमुन्यावरून मालासाठी कायमचा फर्मा घडवताना गडबड झाली. घडवला कुणी, तर मामांनी. डोळे अधू कुणाचे, तर मामांचे. आणि फर्म्यात खोट आहे हे आठ नंबरने आधीच सांगितलं होतं की, बाईंच्या कानांनी ऐकलेलं होतं. खापर फोडायला असं आयतं डोकं मिळाल्यावर कोण सोडतं!

काल मामा त्याला जिन्यात भेटले. नुकसान फार मोठं होतं. मामांना काढणार, आणि नुसतं काढणार नाही तर अक्षम्य हयगय असं लिहून काढणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत झालं होतं. तो खाली मान घालून निघून जाणार, तेवढ्यात मामांनीच त्याचा दंड धरला. "तू मला सांगितलं होतंस रे. मीच मनावर घेतलं नाही." एवढंच बोलले, आणि त्याच्या दंडावर हलकेच थोपटून खाली गेले. त्यांची समजूत खरोखरच अशी होती की चूक आपली आहे. इतक्या वर्षांच्या हातावरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. तो कठड्याला धरून उभा राहिला. घुशीवरून गेला तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. तोंडात कडू पाणी आलं, कानशिलं गार पडली, आणि त्याला वाटलं की आता इथेच, जिन्यात, सगळं बाहेर येणार. आलं काहीच नाही. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. मग म्हणाली, मामा म्हातारे झालेत, त्यांचं कसंही निभेल. आपलं काय? दुसरं काय येतं तुला? "उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस." ती काही दुष्ट बाई नव्हती. ती जे बोलली तेच तो जिन्यापासून स्वतःशी बोलत होता. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला त्याचा वास आला.

आज अकराच्या आत सगळे नमुन्याच्या खोलीत जमले. साहेब, बाई, हिशेबाचे एक गृहस्थ, आणि भिंतीशी ठेंगण्या स्टुलावर मामा, धुतलेला शर्ट घालून, हात मांडीवर. त्याला उंच खुर्चीवर बसवलं होतं, साक्षीसाठी. साहेबांनी फर्मा हातात घेऊन फिरवला, मामांच्या सेवेबद्दल दोन गोड वाक्यं बोलले, मग तिसऱ्या वाक्याला घसरले. अशी हयगय, ह्या वयात, कंपनीच्या नावाला बट्टा. मामा मान हलवत होते. बाई खोक्याचं झाकण उगाच उघडत-मिटत होत्या आणि त्यातला धडा याला उलटा दिसत होता. सकाळची ती ओकारी अजून बोटांच्या बेचक्यांत आहे असं त्याला वाटत होतं. धुऊन, घासून, मोजा चढवून, बूट घालूनही ती तिथेच होती, कोमट. ती आता इथून पुढे रोज असणार, मामा गेल्यावरही, ह्याच खुर्चीवर, ह्याच बुटात. आणि धावणं? धावून ती जाणार नव्हती. हे त्याला कळलं तेव्हा त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. पायाला लागलेलं काढून टाकावं तसं त्याने वाकून बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय उचलून समोरच्या टेबलावर ठेवले.

गेले दोन-तीन दिवस त्याने मलम लावलं नव्हतं. भेगांत काळं भरलेलं, तळव्यांवर पिवळट जाड थर, एका टाचेत काचेची जुनी खूण, आणि बोटं, ती दहाची दहा बोटं जिकडे तिकडे तोंडं करून फाकलेली. हिशेबाचे गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले. बाईंनी रुमाल नाकाला लावला. साहेबांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि काय चाललंय हे, असं त्यांनी विचारलं.

"मोजा," तो म्हणाला. "हे आठ नंबर नाहीत. वर्षभर मी अनवाणी धावतोय. फर्मा बरोबर होता. माझ्या पायावर बरोबर होता."

त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं की तो जवळजवळ हसला. बघा म्हणावं, नीट बघा, आणि पुसा आता किती रुमाल पुसायचेत ते. त्यांची किळस त्याला चक्क आवडली. मग मामा उठले. खिशातून टेप काढत, मान तिरकी करून ते टेबलापाशी आले, त्याचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याने चवड्यावरून, करंगळीवरून, टाचेच्या भेगांवरून फिरून आले, नेहमीसारखे, जराही न शहारता. चवड्याला टेप लावली. बघितली. डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. हातांवरचा भरवसा परत आला ते अगदी समोर दिसलं, आणि त्याला वाटलं की हे बघायला मिळालं, बस, आता नोकरी गेली तर गेली. पण मामा अजून त्याचा पाय धरून उभेच होते. काहीतरी आठवत होते. ती सुटका हळूहळू विरत गेली.

"म्हणजे तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. "आणि काल जिन्यातही."

जन्मात कधी मामांनी त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. मामांनी पाय टेबलावर ठेवला, जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मग त्यांनी हात लांब करून त्या डब्यातून एक ओला रुमाल ओढला. त्यांना सवय नव्हती, तो अर्धा फाटला, दुसरा ओढावा लागला. त्या दुसऱ्या रुमालाने त्यांनी आधी अंगठे पुसले, मग एकेक बोट, मग तळवे, आणि रुमाल बादलीत टाकून ते पाठ वळवून साहेबांशी बोलायला लागले. तो पाय तसाच पुढे करून बसून राहिला. दोन-चार पावलं, तो स्वतःला सांगत होता, दोन-चार पावलंच टिकतं. खुर्चीवरून उतरून तो दाराकडे चालायला लागला, आणि गार फरशीवरून एकेक पाऊल टाकत, ते कधी जातंय याची वाट बघत राहिला.